मास्तरांचा कडा आणि हिचा पाला

आमची ही गेली त्याला दोन पावसाळे झाले. लोक म्हणतात, आबा, आता विसरा. ज्यांना विसरायचं त्यांनी आपापल्या बायका विसराव्यात, मला शिकवू नये. भजनाला या म्हणतात, मला भजनात झोप येते. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, माझं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून चालून गेल्यासारखं. पण घरात भांडायला कोणी उरलं नाही, आणि गप्प बसायची मला सवय नाही, म्हणून लिहायला बसलो. हिच्या देवभक्तीचं लिहा असं सून म्हणाली. लिहितो. पण सुनेला वाटतं तसली ती भक्ती नव्हती.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि घाटात विजेचं इंजिन नवंनवंच लागलं होतं. आमचं गाव टाकव्याच्या वर, आंदर मावळात. भाताची खाचरं भावांनाच पुरत नव्हती, मग मी लोणावळ्याला एका मुंबईवाल्या शेठच्या बंगल्यावर राखणदार म्हणून लागलो. झाडं, विहीर, फाटक माझ्याकडे, स्वयंपाकघर हिच्याकडे. मालक वर्षातून एकदा यायचे, हवा चांगली आहे म्हणायचे आणि खोकत परत जायचे. बाकी वर्षभर बंगला आमचाच. ही मालकांच्या आरामखुर्चीत बसून लसूण सोलायची.

एका उन्हाळ्यात मालकांच्या ओळखीचा एक तरुण मुक्कामाला आला. पुण्याच्या एका कॉलेजात शिकवायचा. आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. अंगानं काडी, नाकावर चष्मा, आणि सामान म्हणाल तर एक वळकटी आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा. दुसऱ्याच दिवशी कागद त्याला पुरेनात. मागच्या व्हरांड्यात शहाबादी फरशी होती, तिच्यावर तो खडूनं लिहायला लागला. एका कोपऱ्यातून सुरुवात केली आणि शेतकरी नांगरत जातो तसा ओळीओळीनं सरकत गेला. अक्षरावर पाय द्यायचा नाही, ती सरस्वती, म्हणून आम्ही दोघं भिंतीला पाठ लावून त्या व्हरांड्यातून ये-जा करायचो. झाडू मारायचा प्रश्नच मिटला. ही म्हणाली, असला पाहुणा दरवर्षी यावा.

मास्तरांचं काय अडलं होतं ते हिनं जेवताना काढून घेतलं. वडलांचं पुण्यात तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान, हा एकुलता एक. वडील म्हणत, पुरे झाली मास्तरकी, गल्ल्यावर बस. याचा जीव एका गणितात. शेवटी दोघांचं ठरलं होतं. वडील म्हणाले, ही उन्हाळ्याची सुट्टी तुझी. गणित सुटलं तर जन्मभर कॉलेजात रहा, मी बोलणार नाही. नाही सुटलं तर कॉलेज उघडायच्या दिवशी तू दुकान उघडायचंस.

"मग सोडवा की," ही म्हणाली, जसं काही शेंगा सोलायच्या आहेत.

गणित कसलं ते मी विचारलं. मास्तर हसले नाहीत, ही त्यांची गोष्ट मला आवडली. म्हणाले, भाऊ, एक बारीक कण आहे, डोळ्याला कधीच दिसणार नाही इतका. तो कण एका जागी बसलेला नसतो, पसरलेला असतो. मावशी आत फोडणी घालतात, वास फाटकापर्यंत येतो. वास नेमका कुठं आहे? सगळीकडे आहे, कुठं जास्त, कुठं कमी. किती कुठं, ते सांगणारं एक समीकरण आहे. पण कण उजेडाच्या बरोबरीनं पळायला लागला की ते समीकरण पुरत नाही. मग परदेशात एकानं दुसरं मांडलं. त्यात एकाच्या जागी चार दोर आहेत, चारी एकमेकांत गुंतलेले. एक ओढला की तीन हलतात.

"आणि कण करतो काय?" मी विचारलं.

"चढ चढतो. म्हणजे चढायला बघतो. अंगात तेवढा जोर नसला तर त्यानं परत फिरायला हवं. पण या समीकरणानं मांडलं तर, चढ कड्यासारखा एकदम उभा असेल आणि पुरेसा उंच असेल, तर कण कड्यातून पलीकडे निघतो."

"कड्यातून?"

"कड्यातून."

"मग तुमचं समीकरण चुकलंय."

"पुष्कळांना तसंच वाटलं," मास्तर म्हणाले. "पण चढ कड्यासारखा न ठेवता घाटासारखा सावकाश घेतला, तर तो कण शहाण्यासारखा मागं फिरतो. चढ किती सावकाश असला म्हणजे तो शहाणा होतो, ते मला काढायचंय."

ही आतून म्हणाली, "शाना हुतोय तेच लय झालं. आमच्या घरातला अजून झाला न्हाई."

तर असं चाललेलं. पण लोणावळ्याला आपला माणूस राहतोय म्हटल्यावर नातेवाईक काय घरी बसतात? चार दिवसांनी मास्तरांची आत्या आली, वडलांची बहीण, बरोबर दोन चुलते आणि पत्त्यांचा जोड. आमच्या हातचा भात-आमटी त्यांना चालत नव्हती, विटाळ होत होता. भजी मात्र चालत होती. तळलेल्याला विटाळ नसतो, असं आत्यानं आम्हाला समजावून सांगितलं आणि ताटभर कांदाभजी खाल्ली. खेळायला तिघंच, चौथा हवा. मग दर थोड्या वेळानं हाक यायची, अरे, ये रे, एकच डाव. मास्तर भिडस्त. हातातला खडू खाली ठेवून जायचे आणि परत आल्यावर फरशीकडे असे बघायचे, जसं काही दुसऱ्याच्या घरात आलेत. ती मंडळी गेली, दुसरी आली. त्यांच्याबरोबर लग्नाची एक मुलगी दाखवायला आणलेली, मुलगीपण भजी खायला बसली.

माझ्या मते हे सगळं मुद्दाम होतं. वडील दुकानदार, गिऱ्हाईक कसं अडवायचं ते त्यांना कळत होतं. ही म्हणाली, मुद्दाम नसंल, मानसं मुळातच तशी असत्यात. पण तिनं मास्तरांचं तोंड पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवरून आलो तर फाटकाला आणि पुढच्या दाराला कडुनिंबाचे डहाळे लावलेले. दाराशी पाटावर पाण्याचा तांब्या, त्यावर नारळ, समोर दहीभाताचा निवद.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दाराला असा पाला म्हणजे घरात कोणाला तरी देवी आल्यात. अंगावर फोड उठतात त्या देवी. त्या काळी माणसं त्यानं जायची, वाचली तर आंधळी व्हायची. पाला दिसला की भिकारीसुद्धा फाटकावरून वळायचा.

मी घाबरून विचारलं, कोणाला आल्यात?

"कुनाला न्हाई," ही म्हणाली. "पाला लावलाय. पाला लावायला बंदी हाय का?"

"अगं, देवीशी खोटं?"

"खोटं कसं? तिला बोलावलंय पावनी म्हनून. मी कुटं म्हनलं कोन आजारी हाय? लोकांनी आपलं आपन समजायचं."

पण बोलावलं तर पाहुणचार नीट करायचा, यात तिची चालढकल नव्हती. देवी घरात असताना जे पाळतात ते सगळं पाळायचं. फोडणी बंद. तळण बंद. दाढी नाही, केसांना फणी नाही, घरात वहाण नाही, मोठ्यानं बोलणं नाही. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. मास्तरांना हा प्रकार दुपारी कळला, पाणचट वरण पानात पडलं तेव्हा. शिकलेला माणूस, मला वाटलं संतापतील. ते उठून फाटकापर्यंत गेले, डहाळ्याकडे पाहत उभे राहिले आणि एकटेच हसले. मला म्हणाले, भाऊ, आमच्यात ज्याला पोटेन्शियल म्हणतात ते हेच. पाल्याला वजन नाही, धक्का मारत नाही, भिंत नाही. पण येणारा जसजसा जवळ येतो तसतसा त्याचा जोर कमी होतो आणि तो मागं वळतो. माझा कणसुद्धा असल्याच कशाला तरी बघून वळतो.

म्हणजे पोटेन्शियल मला तेव्हाच कळलं. पुढं कोणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही, एवढंच.

पाला चोख चालला. आत्या एकदा टांग्यातून आली. मी झाडामागून पाहिलं. फाटकापासून लांबच तिनं टांगा थांबवला, मान पुढं काढली, तोंडाला पदर लावला आणि टांगा तसाच वळवला. घोड्यालासुद्धा मागं बघू दिलं नाही. व्हरांड्यात मास्तर फरशीमागून फरशी भरत होते. दाढी वाढली, केस उभे राहिले. बिनफोडणीचं खाऊन चेहरा उतरला, पण डोळे काय चकाकत होते. आम्ही तिघं कुजबुजत बोलायचो. ही खुशीत. म्हणायची, असं शांत घर माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच.

एकच माणूस पाला बघून वळला नाही, उलट पाला बघूनच आत आला. सरकारी देवीडॉक्टर, म्हणजे गावोगाव देवी टोचत फिरणारा. ऐटीत पेटी उघडून म्हणाला, रोगी कुठाय?  ही शांतपणे म्हणाली, रोगी कोन न्हाई, आमी आपली आदीपासून पूजा मांडली, येऊ नये म्हनून. त्यानं कपाळाला हात लावला. मग म्हणाला, येऊ नये म्हणून माझ्याकडं याच्याहून चांगली पूजा आहे, बाह्या वर करा. तिघांनाही टोचलं. ही त्याच्या नावानं पुटपुटत होती. मास्तरांनी डावा दंड आपण होऊन पुढं केला आणि उजव्या हातानं फरशीवर लिहीत राहिले. माझा दंड सुजून भोपळा झाला, ते कोणी विचारू नका.

इकडे आत्यानं पुण्यात काय सांगितलं असेल ते आमच्या डोक्यातच आलं नाही. आम्हाला वाटलं, माणूस वळला की गेला. तो वळून कुठंतरी जातोच, याचा विचार कोण करतो?

सुट्टी सरत आली होती. मास्तर आदल्या रात्री म्हणाले होते, उद्या सकाळी शेवटची जुळणी, मग कळेल. त्या सकाळी मी झाडांना पाणी घालत होतो आणि रस्त्यानं एक जाडजूड गृहस्थ येताना दिसले. खांद्यावर रेशमी काठाचं उपरणं, डोक्याला पगडी, आणि पाय अनवाणी. हातात ओटीचं सामान, खण, नारळ. त्या दिवसांत लोणावळ्याच्या रस्त्यावर नुसती खडी असायची. माणूस खडीवर चालायची सवय नसलेला, एकेक पाऊल उचलताना तोंड वाकडं करत होता. पाल्यापाशी आले, थांबले, आत पाऊल टाकलं नाही. बाहेरच्या पायानं आत जाऊन देवीचा कोप नको म्हणून.

"माझा मुलगा आहे आत," ते म्हणाले. "आहे ना?"

मी ते 'आहे ना' अजून विसरलो नाही. माझ्या हातून बादली सुटली. ही धावत आली. तिला बघून त्या माणसानं हात जोडले, ज्याची बहीण आमच्या हातचा भात खात नव्हती त्यानं. म्हणाले, बाई, खरं सांगा. मी गाडीत बसल्यापासून देवीला एकच सांगतोय, माझं पोर धड दाखव, पुन्हा दुकानाचं नाव काढणार नाही, त्याला करायचं ते करू दे.

मी हिच्याकडे पाहिलं. आत मास्तर शेवटच्या जुळणीत. हा माणूस आता आत शिरला आणि खरं कळलं, तर सगळंच गेलं. मला वाटलं ही काहीतरी थाप मारेल, तिला तोटा नव्हता. ही क्षणभर त्याच्या पायांकडे बघत राहिली. एका टाचेला खडी रुतून रक्त आलं होतं.

"दादा," ती म्हणाली, "पोरगं धड हाय. त्याला कायबी झालेलं न्हाई. पाला मी लावला. तुमची मानसं त्याला बसू देत न्हवती म्हनून."

ते गृहस्थ फाटकाच्या दगडावर बसले.  मग चेहऱ्यावर रक्त चढत गेलं. मला वाटलं, आता हा माणूस आम्हाला मालकांकडून हाकलून लावणार. पण ते उठले ते सरळ घराकडे निघाले. व्हरांड्याच्या तोंडाशी आले आणि खडूची अक्षरं पाहून थबकले. राग केवढाही असो, अक्षरावर पाय कसा देणार? मग तो भरभक्कम माणूस भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून, खेकड्यासारखा आडवा सरकायला लागला. मी हसू दाबलं. हिनं मला कोपरानं ढोसलं, पण तिचंही पोट हलत होतं.

मास्तर पलीकडच्या कोपऱ्यात उकिडवे बसलेले, पाठमोरे. दाढी वाढलेली, केस जटांसारखे. वडील तिथंच भिंतीला चिकटून पाहत राहिले. हाक मारली नाही. मुलगा एक ओळ लिहायचा, मागं बघायचा, बोटं मोजायचा. मग एकदम थांबला. उठून फरशी वाचत मागं मागं येत गेला, अगदी सुरुवातीच्या फरशांपर्यंत, आणि तिथं वडलांच्या पायाशीच येऊन टेकला. आधी त्यानं फरशीवरच्या एका खुणेवर बोट ठेवलं, मग वर पाहिलं.

"आप्पा," तो म्हणाला. आश्चर्यसुद्धा वाटलं नाही त्याला, इतका दमला होता. "चुकलं. लांब गेल्यावर उत्तर विझायला हवं, ते वाढत चाललंय. इथं अधिकच्या जागी उणे लिहिलंय मी. इथून पुढचं सगळं परत करावं लागेल."

"केव्हा लिहिलंस?" वडलांनी विचारलं. दुकानदारी प्रश्न.

"आत्यानं डावाला बोलावलं होतं. उठलो, परत आलो आणि हे लिहिलं."

ही लगेच म्हणाली, "आयका."

"मी हरलो, आप्पा," मास्तर म्हणाले. "सुट्टी संपली. ठरल्याप्रमाणे येतो मी दुकानात." आणि हातातला खडू त्यांनी खरोखरच खिशात घातला.

 मला वाटलं, मिटलं. एवढ्यात ही व्हरांड्यात पुढं झाली.

"नवसाचं काय?"

"कसला नवस?" वडील म्हणाले.

"फाटकात बोललात तो. पोर धड दिसू दे, दुकानाचं नाव काढनार न्हाई."

"अहो बाई, पोर आजारीच नव्हतं. देवी आलीच नव्हती."

"आली न्हवती? मग हा तांब्या कुनाचा? रोज दहीभात कुनाला वाढला? या घरात फोडनी न्हाई, तळन न्हाई, ह्या मानसानं दाढी केली न्हाई, ह्यो बाबा," म्हणजे मी, "मोठ्यानं बोलला न्हाई. पावनी घरात असल्याबिगर कोन एवढं करील?"

"माल आलाच नाही, त्याची पावती कशी फाडायची?"

"माल समोर उभा हाय. दाढी वाढलेला."

मास्तर मध्ये पडले, मावशी, असू दे, शब्द मी दिला होता. ही त्यांच्यावरच उलटली. तुमचा शब्द तुमच्या बापाला, म्हणाली, ह्यांचा शब्द देवीला. देवीचा मोठा. ह्यांनी काय मागितलं? पोर बरं कर असं न्हाई मागितलं. धड दाखव म्हनले. दाखवलं. कसं दाखवलं ते देवीला इचारायचं नसतं.

 जन्मभर गिऱ्हाइकांना शब्दात पकडलेला माणूस, आज आपणच सापडला होता. त्यांनी मुलाकडे पाहिलं, त्या दाढीकडे, मग आपल्या टाचेकडे. शेवटी म्हणाले, "हे गणित परत करायला किती वेळ लागेल?"

"माहीत नाही," मास्तर म्हणाले. "सहा महिने. कदाचित सुटणारही नाही."

"मग कॉलेजात राहूनच कर. गल्ल्यावर बसून असली उणे-अधिकची चूक केलीस तर मला परवडणार नाही."

हिनं तोंडाला पदर लावला. हसत होती की काय, मला दिसलं नाही.

ते गणित पुढच्या थंडीत सुटलं, हे मास्तरांनी नंतर येऊन सांगितलं. सुटल्यावर कळलं की परदेशात एकानं ते आधीच सोडवून छापलंय. मला ऐकून वाईट वाटलं, मास्तरांना नाही. म्हणाले, उत्तर तेच आलं ना, म्हणजे दोघंही बरोबर. ही म्हणाली, बघा, तिकडं त्याच्या दाराला कोन डाव मांडून बसलं नसंल, म्हनून आधी सुटलं.

पण त्या दिवशीचं राहिलं. पाहुणी आणली तर तिला वाटेला लावायला हवी. दुपार कलल्यावर पाला उतरवला, दहीभात आणि ओटी टोपलीत घेतली आणि आम्ही डोंगराच्या पायथ्याच्या देवीच्या ठाण्याकडे निघालो. हिनं वडलांच्या टाचेला हळद लावून फडकं बांधलं होतं. वहाणा देतो म्हटलं तर घेतल्या नाहीत, नवस तो नवस म्हणाले. बापलेक पुढं, आम्ही मागं.  मग चढ लागला, तेव्हा वडील धापा टाकत म्हणाले, "तो तुझा कण. जोर नसताना पलीकडे कसा जातो म्हणालास?"

मास्तर सांगायला लागले. हातवारे करत, एकदा कडा दाखवत, एकदा घाट. वडील थांबून म्हणाले, कळलं नाही, परत सांग. मास्तरांनी परत सुरुवात केली.

मी ऐकायला म्हणून पाय उचलला. हिनं माझ्या बाहीला धरून मागं ओढलं, तो टोचलेला दंड, मी कळवळलो.

"अवं, हळू चाला," ती म्हणाली. "त्यांना जाऊ द्या पुढं."